विलास मास्टरने गोळी का सोडली

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच घरून आलेली वांग्याची भाजी गरम करत होतो. नवरा इस्पितळात अत्यवस्थ असताना सुनंदावहिनींनी सकाळी निघण्याआधी दोन डबे भरले होते. एक स्वतःसोबत नेला आणि एक माझ्या दाराच्या कडीला अडकवून गेल्या. फोनवर विलासचा धाकटा भाऊ किसन होता. "नाना, दादा गेला," एवढंच म्हणाला. मी गॅस बंद केला. त्यानंतरचं सांगायला लाज वाटते, पण ते सांगायलाच बसलोय... मला रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता ती गोष्ट माझ्याखेरीज कोणालाच माहीत नाही. आणि तसं वाटल्यावर क्षणभर सुटल्यासारखं झालं.

त्यानंतर आठवड्याभराने आमच्या सोसायटीत शोकसभा झाली. बेलवलीतले, स्टेशनच्या पलीकडचे, कुळगावातले पुष्कळ लोक आले होते. हे वाचणाऱ्यांपैकीही काही जण त्या सभेत असतील. वयाने मोठा म्हणून मला बोलायला उभं केलं आणि मी बोललो. चांगलं बोललो, असं लोकांनी नंतर सांगितलं. शेवटी म्हणालो, "विलाससारखा समजूतदार माणूस औषधाची हयगय करतो आणि आपल्यातून जातो, यातून आपण सगळ्यांनी धडा घ्यावा." लोकांनी माना हलवल्या. पहिल्या रांगेत सुनंदावहिनी होत्या, त्यांनी मान खाली घातली. माझं ते वाक्य खोटं होतं. ते खोटं आहे हे जाणणारा त्या हॉलमध्ये मी एकटाच होतो. हा लेख त्या एका वाक्यासाठी लिहितो आहे.

आधी विलास कोण होता ते सांगतो. तो मूळचा कुळगावचा, शेती असलेल्या घरातला. पण उमेदीची सगळी वर्षं त्याची उल्हासनगरात गेली, जीन्सच्या कारखान्यांत. तो कटिंग मास्टर होता, म्हणून सगळ्यांसाठी विलास मास्टर. लांबलचक टेबलावर डेनिमचे थर एकावर एक अंथरायचे, पुठ्ठ्याचा पॅटर्न ठेवून खडूने आखायचं आणि मग मशीनच्या पात्याने पँटचे शंभर-शंभर पाय एकदम कापायचे. हात चुकला तर एक पँट नाही, शंभर पँटी वाया. त्याचा हात चुकला नाही. नखांच्या कडा कायम निळ्या असायच्या. सिंधी शेटजींशी तो सिंधीत बोलायचा, बिहारी कारागिरांशी त्यांच्या हिंदीत, आणि घरी आला की दोन्हींची भेसळ करून आमच्याशी. माणसाकडे बघून कंबर सांगायचा. मी पाच पावलं लांब असलो तरी म्हणायचा, "नाना, चौतीस सांगू नका शेजाऱ्यांना. छत्तीस झालीय. तुमच्या वहिनींच्या पोळ्या दिसतात."

त्या पोळ्या त्याच्याच बायकोच्या होत्या. माझी पत्नी गेल्यापासून माझं दोन्ही वेळचं जेवण त्यांच्याकडून येतं... यायचं. आमची दारं समोरासमोर. तो माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, पण संध्याकाळी सोसायटीच्या आवारातल्या बाकावर आम्ही दोघेच असायचो.

मी तीसेक वर्षं अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत होतो. प्रत्येक बॅचचा नमुना माझ्यासमोर यायचा. मालात कोणती भेसळ, किती, ते तपासायचं, ठरलेल्या मर्यादेशी ताडून बघायचं आणि सही करायची. भेसळ मर्यादेच्या आत असेल तर बॅच पास. 'आढळली नाही' असं आलं तर प्रश्नच नाही, ड्रमला सील लागायचं, गाडी गेटबाहेर जायची. ती बॅच पुन्हा कधी माझ्या डोळ्यांसमोर यायची नाही. निवृत्तीनंतर ही सवय मी सोसायटीत आणली. लोक रक्ताचे रिपोर्ट घेऊन बाकावर यायचे. साखर, चरबी, थायरॉइड. मी खिशातलं लाल पेन काढून मर्यादेबाहेरच्या आकड्यांना गोल करायचो, बाकीच्यांना टिक. डॉक्टरकडे जायच्या आधी लोक 'लॅबवाल्या नानां'कडे यायचे. मला ते फार आवडायचं. हे कबूल करतो, कारण पुढचं सगळं या आवडीतूनच झालं.

साडेचार-पाच वर्षांपूर्वी विलासने एका शिबिरात रक्तदान केलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीचं पत्र आलं. पत्र फडकावत तो बाकावर आला. "नाना, मी यांना रक्त दिलं आणि यांनी मला लव्ह लेटर पाठवलंय. भेटायला या म्हणतात." मी वाचलं. हेपटायटिस बी, म्हणजे यकृताच्या काविळीचा विषाणू, त्याच्या रक्तात सापडला होता. त्याला कधी कावीळ झाली नव्हती. तो दारूच्या थेंबाला शिवत नव्हता. हे मुद्दाम लिहितो, कारण तो गेल्यावर जिन्यात एकाने मला हळूच विचारलं, "मास्टर घेत होता ना?" नाही. कधीच नाही.

अंबरनाथ पश्चिमेला यकृताच्या एक तरुण डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोन दिवस बसतात. मी त्याच्यासोबत गेलो, अर्थात रिपोर्टांची फाईल माझ्या काखेत. बाईंनी पहिलं विचारलं, "आई आहे का? आईला काय झालं होतं?" विलास म्हणाला, आई जाऊन जमाना झाला, पोटात पाणी झालं होतं, गावात कोणी काय म्हणालं, कोणी काय. बाईंनी ते कागदावर टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "बहुतेक तुमच्या जन्माच्या वेळी तिच्याकडून आला असेल." घरच्या सगळ्यांना तपासायला सांगितलं. सुनंदावहिनी आणि नाशिकला दिलेली मुलगी, दोघी तपासून सुटल्या, त्यांनी लस घेतली. भाऊ किसन मात्र "मला काय धाड भरलीय?" म्हणून टाळत राहिला.

त्या दिवशी बाईंनी जे समजावलं ते मला आजही शब्दाशब्दाने आठवतं, म्हणून माझा गुन्हा अधिक मोठा आहे. विलासने विचारलं होतं, "हा किडा आतून लिव्हर खातो का, मॅडम?" बाई म्हणाल्या, "तो खात नाही. हीच गंमत आहे. तो यकृताच्या पेशीत शिरून बसतो आणि स्वतःच्या प्रती काढत राहतो, पेशीला मारत नाही. मारतं ते तुमचंच शरीर. शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. तान्ह्या बाळाच्या त्या पेशी अजून शहाण्या झालेल्या नसतात. जन्मताच घरात आलेल्या या पाहुण्याला त्या घरचाच समजतात. वर्षानुवर्षं तो रक्तात लाखोंनी असतो आणि कोणी त्याला हात लावत नाही. रिपोर्ट सगळे चांगले. मग तिशी-चाळिशीत कधीतरी त्या पेशींना जाग येते. त्या त्याला मारायला निघतात. पण तो लपलाय यकृताच्या पेशींत. म्हणून त्या पेशीच फोडल्या जातात. जखम होते, भरते, वण राहतो. परत जखम, परत वण. असं करत यकृत निबर होत जातं."

"मग एकदाचा मारून का टाकत नाहीत?" विलास म्हणाला.

"थकतात. इतकी वर्षं समोर तोच तो शत्रू, संपतच नाही. शेवटी लढणाऱ्या पेशी त्याला बघतात, ओळखतात, पण हात उचलत नाहीत. ना धड जिंकत, ना धड हरत."

मला वाटलं, आता आपण काही बोललं पाहिजे. मी फाईल उघडून म्हणालो, "पण मॅडम, एसजीपीटी तर मर्यादेच्या आत आहे. म्हणजे इथे पास ना?" त्या हसल्या. वाईट हेतूने नाही. "काका, हे पास-नापास नाही. तो आकडा मर्यादेत आहे म्हणजे आत्ता मारामारी चालू नाही, एवढंच. शत्रू नाही असं नव्हे. स्कॅनमध्ये वण दिसतायत. तुम्ही रिपोर्ट नका वाचू, ते माझ्यावर सोडा." विलासही हसला. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सत्तरीच्या माणसाला मुलीच्या वयाच्या बाईने शेजाऱ्यासमोर... इतकीच गोष्ट. पण ती माझ्या पोटात राहिली.

मग बाईंनी गोळी लिहून दिली. रोज एक, ठरल्या वेळी. "ही गोळी विषाणूच्या प्रती काढणं बंद करते. रक्तातून तो जवळजवळ नाहीसा होईल. पण त्याचा मूळ साचा पेशीच्या आत, अगदी गाभ्यात बसलेला असतो. तिथे गोळी पोचत नाही."

विलास खुर्चीत पुढे सरकला. "म्हणजे पॅटर्न खुंटीला तसाच. कटिंग बंद."

बाईंना आधी कळलं नाही. त्याने हातवारे करून सांगितलं. कारखान्यात पुठ्ठ्याचा पॅटर्न असतो, त्याला भोक पाडून खिळ्याला टांगलेला. ऑर्डर संपली, टेबल रिकामं झालं, झाडून घेतलं, तरी पॅटर्न खिळ्यालाच. उद्या कोणी कापड अंथरलं की परत तेच माप सुरू. बाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "अहो, हे मी आता सगळ्या पेशंटना सांगणार! बरोबर तेच. आणि म्हणून गोळी मनाने थांबवायची नाही. थांबवली की कटिंग सुरू. आणि मधल्या काळात त्या थकलेल्या पेशींना विश्रांती मिळालेली असते. त्या एकदम पेटून उठतात. तुमच्या यकृताला तेवढा मार सोसणार नाही. कळलं ना?"

"कळलं, मॅडम."

मी शेजारीच बसलो होतो. मीही मान हलवली.

चार वर्षं त्याने एक गोळी चुकवली नाही. कारखान्यात कोणाला सांगितलं नव्हतं, कारण एकदा कुळगावच्या घरी सांगून बघितलं तर त्याचं ताट-वाटी निराळी ठेवायला लागले. जेवणातून पसरत नाही, हे सांगूनही. म्हणून गोळीची डबी तो खडूच्या पुडक्यात लपवून ठेवायचा. कोणी पाहिलंच तर म्हणायचा, गॅसची आहे. खोटं बोलायचा त्याला मनापासून कंटाळा होता, गोळीचा नव्हता. हा फरक मला तेव्हा कळला असता तर...

गेल्या वर्षी दिवाळीनंतर नवा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होत्या. बाकावर विलासने कागद माझ्या हातात दिला. विषाणूच्या मोजणीपुढे आकडा नव्हताच. 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' असं लिहिलं होतं. आढळला नाही. आयुष्यभर ज्या शब्दांखाली मी डोळे मिटून सही केली, तेच शब्द. माझा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेला. मी मोठी टिक केली.

"बॅच पास," मी म्हणालो. "मास्टर, अभिनंदन. बंद कर आता ती गोळी."

तो एकदम हसला नाही. कागद परत घेऊन त्याने बघितला. "पण नाना... पॅटर्न?"

"कसला पॅटर्न?"

"मॅडम बोलल्या होत्या ना. खुंटीला."

आणि मी त्याला जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "अरे, त्या डॉक्टर लोकांना पेशंट जन्मभर हवा असतो. मी तीस वर्षं मशीनवर रिझल्ट काढलेत. शून्य म्हणजे शून्य. तू तुझी कात्री सांभाळ, हे मला कळतं."

कात्री सांभाळ. ज्याला माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा चांगलं कळलं होतं त्याला मी असं म्हणालो. तो थोडा वेळ निळ्या नखाने कागदाची कड खरवडत राहिला. मग म्हणाला, "बरं. तुम्ही म्हणताय तर." त्याच्या चेहऱ्यावर जी मोकळीक आली ती बघून मला स्वतःचाच अभिमान वाटला. लपवाछपवी संपली, असं त्याला वाटलं असणार. सुनंदावहिनींना आत्ताच सांगू नको, त्या उगाच काळजी करतात, हेही मीच सुचवलं.

ड्रमला सील लागल्यावर आत काही घडत नाही. माणसाच्या शरीराला सील लागत नाही. एवढी साधी गोष्ट मला तीस वर्षांच्या नोकरीने शिकवली नव्हती, किंवा मी शिकलो नाही.

होळीच्या सुमारास त्याला थकवा यायला लागला. जेवण जाईना. "उन्हाचं असेल," तो म्हणायचा आणि मीही म्हणायचो. एक दिवस सकाळी दारात उभ्या राहून वहिनी म्हणाल्या, "नाना, जरा उजेडात या. यांचे डोळे बघा हो." डोळे हळदीसारखे होते. मला तत्क्षणी कळलं होतं. तरी मी म्हणालो, "डॉक्टरकडे जाऊ या," आणि त्यापुढे काही नाही.

बाई रजेवरून परत आल्या होत्या. रिपोर्ट बघून त्यांचा चेहरा उतरला. एसजीपीटीचा जो आकडा कायम मर्यादेत असायचा तो हजारांत गेला होता. "गोळी बंद केली होती?" त्यांनी विचारलं. रिपोर्ट टेबलावर ठेवून परत विचारलं. "मास्टर, गोळी बंद केली होती का?"

"हो, मॅडम."

वहिनी नवऱ्याकडे बघतच राहिल्या. बाईंचा आवाज चढला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी भिंतीला टेकून उभा होतो. विलासपासून दोन हात अंतरावर. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या यकृताच्या चित्राकडे बघत म्हणाला, "कोणी नाय. मीच. कंटाळा आला होता."

मी बोलू शकलो असतो. तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो? बाई रागाने काहीतरी लिहीत होत्या, वहिनींनी पदर तोंडाला लावला होता, आणि मी खोलीतला पंखा बघत होतो. त्या दिवशी बोललो असतो तर विलास वाचला असता असं नाही. गोळी लगेच सुरू झाली, मोठ्या इस्पितळात हलवलं, सगळं केलं. पण त्याच्याच शरीरातल्या त्या पेशी आता थांबायला तयार नव्हत्या आणि यकृतात सोसायला काही उरलं नव्हतं. तीन आठवड्यांत खेळ संपला.

त्यानंतर दीड महिना मी वहिनींच्या हातचं जेवलो. रोज. त्या दारात डबा अडकवायच्या, मी काढून घ्यायचो, घासून परत ठेवायचो. त्यांना धीर द्यायला म्हणून त्यांच्या घरी बसायचो आणि त्या नवऱ्यावर चिडायच्या. रडायच्या कमी, चिडायच्या जास्त. "कंटाळा आला! काय बोलतो हा माणूस? चार वर्षं मी त्यांच्याआधी उठून गोळीसाठी पाण्याची बाटली भरून देत होते, मला आला का कंटाळा? माझ्यासोबत जगायचाच कंटाळा आला असेल." एकदा तर म्हणाल्या, "नाना, खरं सांगा, ते माझ्याबद्दल काही बोलायचे का?" मी म्हणालो, नाही हो वहिनी, असं काही मनात आणू नका. आणि वरण-भात कालवला. एक घास. दुसरा घास. माणूस इतका निर्ढावलेला असू शकतो हे मला स्वतःवरून कळलं.

मग किसन आला. दादा गेल्यावर घाबरून त्याने शेवटी तपासून घेतलं होतं. त्याच्याही रक्तात तोच विषाणू. तसं होणारच होतं, आई एकच. बाकावर माझ्या शेजारी बसून त्याने कागद पुढे केला. "नाना, तुमीच बघा. बाकी सगला नॉर्मल हाय ना? एसजीपीटी का काय ते पन लिमिटमदे हाय. मग कशाला त्या बाईकडं हेलपाटे? दादा तर बोलायचा, नाना बोलले की झालं."

नाना बोलले की झालं.

मी कागद घेतला नाही. माझे हात मांड्यांखाली होते, ते तिथून निघेनात. "किसन," मी म्हणालो, "मला रिपोर्ट वाचता येत नाहीत."

"आता काय मस्करी करता, नाना!"

"मस्करी नाही. मला कधीच येत नव्हते. उद्या सकाळी तू आणि मी अंबरनाथला जाऊ. बाई काय सांगतील ते तू ऐक. मी बाहेर बसेन." बहुधा म्हातारा भ्रमलाय असं त्याला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी आला. बाईंनी त्याला दर काही महिन्यांनी तपासणीला बोलावलंय आणि आता तो जातो.

अंबरनाथहून परतल्यावर त्याच दुपारी मी वहिनींचं दार वाजवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. बसा म्हणाल्या. मी बसलो नाही. बसलो असतो तर इतर दिवसांसारखंच पाणी आलं असतं, चहा आला असता. उभ्यानेच सांगितलं. रिपोर्ट, लाल टिक, बॅच पास, तुम्हाला सांगू नको असं म्हणालो ते, सगळं. त्यांचे हात ताटात थांबले. मग त्यांनी विचारलं.

"तेव्हा ते काय म्हणाले?"

"कधी?"

"तुम्ही बंद कर म्हणालात तेव्हा. काहीतरी म्हणाले असतील ना? पॅटर्न म्हणाले का?"

ती गोष्ट त्याने घरीही सांगितली होती तर. "म्हणाला," मी म्हणालो. "पण नाना, पॅटर्न? असं म्हणाला."

"आणि तुम्ही?"

मी तेही सांगितलं. कात्रीचंही. त्यांनी डोळे मिटून घेतले. "म्हणजे त्यांना कळत होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "कंटाळा नव्हता." मग माझ्याकडे वळल्या. "इस्पितळात तुम्ही दोघंच होतात कितीदा. तेव्हा तरी काही बोलले का तुम्हाला?"

बोलला होता. त्याचा आवाज तेव्हा कापडात गुंडाळल्यासारखा झाला होता, मला कान जवळ न्यावा लागला होता. तो म्हणाला होता, "नाना, तोंड उघडू नका. सुनंदा जेवण बंद करेल तुमचं. छत्तीसची बत्तीस होईल." आणि हसायचा प्रयत्न केला होता.

हे ऐकल्यावर सुनंदावहिनी पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. रडता रडता म्हणाल्या, "अहो, मला सांगायचं होतं ना... मी काय म्हाताऱ्या माणसाचं जेवण बंद केलं असतं?" मग पदराने नाक पुसून, ताट बाजूला सारून, माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "केलंच असतं."

त्यांनी माफ केलं का, हे मी विचारलं नाही. विचारायचा मला हक्कही नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांसमोर माइक घेऊन बोललात, नाना. माझ्या नवऱ्याने हयगय केली म्हणून. आता माझ्या एकटीच्या कानात येऊन खरं सांगता? जितक्यांनी ते ऐकलं तितक्यांना हे कळलं पाहिजे." शोकसभा परत भरत नाही. म्हणून हे छापायला देतो आहे.

देण्याआधी कागद त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी दारातच, उभ्यानेच वाचले. मला आत बोलावलं नाही आणि मी अपेक्षाही केली नव्हती. बाकावरच्या त्या संध्याकाळपाशी आल्यावर त्या थांबल्या. मी तिथे लिहिलं होतं, 'गोळी आता थांबवायला हरकत नसावी, असं मी सुचवलं.' त्यांनी पेन मागितलं. माझ्याजवळ लाल पेन आता नसतं, शेजारच्या मुलीकडून निळं आणून दिलं. त्यांनी ती ओळ खोडली आणि वर आपल्या अक्षरात लिहिलं, 'बंद कर आता ती गोळी.' वर तुम्ही वाचलंत ते त्यांचं आहे.

"आता द्या," म्हणाल्या आणि कागद माझ्या हातात देऊन दार लावून घेतलं.

मी लगेच हललो नाही. माझं दार समोरच, चार पावलांवर, पण ती चार पावलं टाकवेनात. आतून त्यांचा आवाज येत होता. नाशिकला मुलीला फोन लावला होता. आवाज ओला होता, पण इतक्या दिवसांत मी ऐकला नव्हता असा मोकळा. "अगं, नाही... नाही, कंटाळून नाही सोडली पप्पांनी. ऐक ना. त्यांनी तर विचारलं होतं..."